जुगार कोणता, गुंतवणूक कोणती?

(नाशिकमध्ये बचत गटांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



1992 साली मी शेअरच्या अर्जांवर पंधरा-वीस सह्या केल्या. कंपनी कोणती, ती काय बनवते, काही विचारले नाही. नवऱ्याने बोट ठेवले तिथे सही केली. पैसे व्याजाने आणलेले होते. वर्षभरात माझ्या पाटल्या मोडाव्या लागल्या. कागदोपत्री 'गुंतवणूकदार' मात्र मीच!

त्या एप्रिलमध्ये मुंबईचा शेअर निर्देशांक 4,467 पर्यंत चढला होता. 23 एप्रिलला सुचेता दलाल या पत्रकार बाईंनी बँकांच्या पैशातला गैरव्यवहार उघड केला. हर्षद मेहताचे नाव घरोघर पोचले आणि वर्षभरात निर्देशांक निम्म्यावर आला.

तोच निर्देशांक 2024 मध्ये 80,000 च्या वर गेला. मग मी नुसती थांबले असते तर? तेही इतके सरळ नाही. निर्देशांकातून कमकुवत कंपन्या काढून नव्या घेतल्या जातात. माझ्या पेटीतले कागद कोण बदलणार? नव्वदच्या दशकात लोकांचे पैसे गोळा करून कित्येक कंपन्या गायबच झाल्या. वाईट कंपनीत वीस वर्षे थांबले तरी ती चांगली होत नाही.

आपल्या निफाड-दिंडोरीतल्या बाया द्राक्षबाग ओळखतात. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर काडी तयार होते, ऑक्टोबरच्या छाटणीनंतर घड लागतात. जूनमध्ये येऊन "घड कुठे आहेत?" विचारणाऱ्याला आपण हसू. शेअर बाजारातल्या कंपन्यांना दर तीन महिन्यांनी निकाल जाहीर करावे लागतात. ते जरूर वाचावेत. पण निकालाच्या आदल्या दिवशी शेअर घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी विकायचा, ही पैज आहे. नफा वाढूनही भाव पडतो, कारण लोकांची अपेक्षा त्याहून जास्त असते. म्हणजे पैज कंपनीच्या कामावर नसते, दुसऱ्यांच्या मनात काय आहे त्यावर असते.

'सेबी'ने 2024 मध्ये फ्युचर्स-ऑप्शन्सच्या तीन वर्षांच्या व्यवहारांचा हिशेब मांडला. शंभरातल्या 93 व्यक्तींना तोटा झाला होता. एकूण तोटा 1 लाख 80 हजार कोटींहून जास्त.

हा पैसा कुणाच्या घरातला? आज अर्जावर सही लागत नाही, मोबाईलवर आलेला आकडा पुरतो. खाते आईच्या किंवा बायकोच्या नावावर, मोबाईल मुलाच्या किंवा नवऱ्याच्या हातात. तोटा झाला की तिला कळते ते गळ्यातले मागायला आल्यावर.

म्हणून घरी गेल्यावर तीन गोष्टी करा. आपल्या नावावर कोणते खाते आहे ते विचारा आणि त्याचा मोबाईल क्रमांक आपलाच ठेवा. गटाचे कर्ज, मुलांची फी, दवाखान्याचा पैसा बाजारात घालू नका. आणि शेअर घ्यायचाच असेल तर ती कंपनी काय बनवते, तिच्यावर कर्ज किती, हे स्वतःच्या शब्दांत सांगता आल्याशिवाय घेऊ नका. घेतल्यावर वर्षानुवर्षे तिचा हिशेब बघत राहा.

घरात वाईटपणा येईल. "तुला काय कळतंय?" असे म्हणतील. मलाही म्हणाले होते. तेव्हा मी गप्प बसले. तुम्ही बसू नका.