पेवातील वायू आणि शाळेतील कार्बन

कार्बनचा पाठ शाळेत बहुधा हिरा आणि ग्रॅफाइट यांपासून सुरू होतो. एकाच मूलद्रव्याची ही दोन रूपे अद्भुत खरीच. परंतु कृष्णाकाठच्या मुलाने हिरा कधी पाहिलेला नसतो. त्याने पाहिलेले असते ते कराड-वाळव्याकडचे गुऱ्हाळ. उसाच्या साखरेच्या एका रेणूत कार्बनचे १२, हायड्रोजनचे २२ आणि ऑक्सिजनचे ११ अणू असतात. काहिलीच्या कडेला पाक करपतो तेव्हा हायड्रोजन व ऑक्सिजन बहुतांशी पाण्याच्या रूपाने निघून जातात आणि काळा कार्बन मागे राहतो. मळीपासून मिळणारे अल्कोहोल हेही त्याच कार्बनचे पुढचे संयुग.

सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तिचा पिवळा रंग ज्यामुळे येतो ते कुरकुमिन १८१५ मध्ये प्रथम वेगळे करण्यात आले. त्याची रचना मात्र १९१० मध्ये उलगडली. हळदीचा डाग साबणाने लाल का होतो, हे प्रत्येक गृहिणीला अनुभवाने ठाऊक असते. साबणातील अल्कलीमुळे कुरकुमिनच्या रेणूत बदल होतो, एवढे शिक्षकाने सांगितले तरी स्वयंपाकघराची प्रयोगशाळा होते.

परंतु या धड्यातील सर्वांत महत्त्वाचा भाग जमिनीखाली आहे. कृष्णा-वारणा संगमावरील हरिपूर येथे हळद साठविण्याची पेवे प्रसिद्ध आहेत. घट्ट मातीत खोदलेल्या या पेवाचे तोंड अरुंद, पोट मोठे. तोंड बंद झाले की आत हवा येत नाही. शिजवून वाळविलेले हळकुंड स्वतः श्वसन करीत नाही. ज्वारीच्या पेवात मात्र दाणे स्वतःही श्वसन करतात. हळदीच्या पेवातील कीड, बुरशी व मातीतील सूक्ष्म जीव ऑक्सिजन वापरून कार्बन डायऑक्साइड सोडतात आणि अखेर ऑक्सिजनअभावी ती कीडच मरते. औषध न फवारता माल टिकण्याचे हे एक मोठे कारण होय.

जो वायू किडीला मारतो तो माणसालाही सोडत नाही. कार्बन डायऑक्साइड हवेच्या सुमारे दीडपट जड. त्यामुळे वारा नसलेल्या खड्ड्यात तो तळाशी साचून राहतो. त्याला रंग नाही, इशारा देईल असा वासही नाही. पेव उघडल्यावर काही वेळ तसेच ठेवावे, पेटता कंदील आत सोडून पाहावा आणि मगच उतरावे, ही जुनी रीत यातूनच आली. हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के असतो. तो १६ टक्क्यांच्या आसपास उतरला की ज्योत विझते. तथापि कंदील जळत राहिला म्हणून निश्चिंत होता येत नाही. कार्बन डायऑक्साइड ५ टक्के झाला तरी धाप लागते आणि १० टक्क्यांच्या वर काही मिनिटांत शुद्ध हरपू शकते.

येथेच एक गंभीर सावधगिरी सांगणे भाग आहे. पेवाची ही कंदिलाची रीत गोबर गॅसच्या टाकीला कदापि लावू नये. त्या वायूचा मोठा भाग मिथेन असतो. मिथेनच्या रेणूत कार्बनचा एक व हायड्रोजनचे चार अणू. हवेत त्याचे प्रमाण ५ ते १५ टक्के असताना ठिणगी पडली तर स्फोट होतो. शिवाय शेणाच्या टाकीत विषारी हायड्रोजन सल्फाइडही असतो. कार्बनच्या दोन वायूंतील हा फरक परीक्षेत दोन गुणांचा, टाकीच्या तोंडाशी मात्र जिवाचा आहे.

आत पडलेल्याला काढण्यासाठी दुसऱ्याने तसेच उतरणे, यातून एकाचे दोन बळी होतात. उतरणाऱ्याच्या कमरेला दोर बांधलेला असावा व त्याचे टोक वर दोघांच्या हाती असावे, असा दंडक ग्रामपंचायतींना पेवे, जुन्या विहिरी व टाक्या यांसाठी घालता येईल. टाकी साफ करण्याचे काम तर शिक्षित व साधनसज्ज माणसांकडेच द्यावे.

शिक्षकांना याचा प्रयोग खर्चाविना दाखविता येतो. काचेच्या उंच बरणीत एक ठेंगणी व एक उंच मेणबत्ती लावावी आणि तळाशी खाण्याचा सोडा ठेवून त्यावर नळीने लिंबाचा रस सोडावा. ठेंगणी मेणबत्ती आधी विझते. पेवात पाय ठेवणाऱ्याचे डोके कोठपर्यंत खाली जाते, हा प्रश्न मुलांना तेव्हाच विचारावा.