यकृताचा कर्करोग : उपचार आणि सोबत

(विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त भरलेल्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने आज आम्हाला दोन शब्द बोलण्याची संधी दिली, त्याबद्दल आम्ही आभारी आहोत. आम्ही कोणी वक्ते नाही आणि डॉक्टर तर मुळीच नाही. यकृताचा कर्करोग झालेली माणसे आणि त्यांची शुश्रूषा करणारी त्यांची घरची माणसे, अशी ह्याच वस्तीतली काही घरे म्हणजे आम्ही. महिन्याच्या पहिल्या रविवारी वंदना आटोपली की विहाराच्या मागच्या खोलीत आम्ही बसतो. चहा होतो, रिपोर्ट एकमेकांना दाखवले जातात, कोणाची पुढची तारीख कधी ते एका वहीत लिहिले जाते. आज बोलायला एक जण उभा आहे, पण बोलणे सगळ्यांचे आहे. म्हणून 'मी' न म्हणता 'आम्ही' म्हणतो.

यकृत म्हणजे लिव्हर. मटणात जिला आपण कलेजी म्हणतो, तोच अवयव. मोठ्या माणसात त्याचे वजन साधारण दीड किलो भरते. हा अवयव फार सोशिक. त्याचा बराच भाग निकामी झाला तरी उरलेला भाग काम ओढत राहतो आणि माणसाला काही कळत नाही. जेवण नकोसे होणे, उजव्या बरगडीखाली जड वाटणे, वजन उतरणे, डोळे पिवळे होणे, पोटात पाणी भरणे ही लक्षणे दिसू लागतात तेव्हा बहुतेक वेळा आजार बराच पुढे गेलेला असतो.

आता आपल्याकडे काय होते? एखाद्याला लिव्हरचा आजार झाला असे कळले की नळावरची पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते, "पीत असेल!" आमच्यातल्या एका शिंपीकाम करणाऱ्या दादांनी आयुष्यात दारूला हात लावला नाही. त्यांनाही हेच ऐकावे लागले. त्यांच्या रक्तात हिपॅटायटीस बी ह्या काविळीचा विषाणू निघाला, आणि डॉक्टरांच्या मते तो बहुधा लहानपणापासूनच होता. आणि समजा, एखादा पीत होता, तरी तोही आपलाच माणूस आहे. त्याला औषध हवे आणि सोबतही हवी. दोष देऊन कोणाची गाठ विरघळत नाही.

दारू हे एक कारण आहेच. पण हिपॅटायटीस बी आणि सी हे विषाणू, मधुमेह आणि लठ्ठपणाबरोबर यकृतात साठणारी चरबी, बुरशी लागलेले शेंगदाणे व धान्य ह्यांत तयार होणारे अफ्लाटॉक्सिन नावाचे विष, हीसुद्धा कारणे आहेत. बहुतेकांचे यकृत आधी वर्षानुवर्षे व्रण पडून कडक होते, त्याला सिऱ्होसिस म्हणतात, आणि त्या कडक झालेल्या यकृतात पुढे गाठ धरते. म्हणूनच ज्याला सिऱ्होसिस आहे त्याने दर ६ महिन्यांनी पोटाची सोनोग्राफी करून घ्यावी, असे डॉक्टर सांगतात. हिपॅटायटीस बी असलेल्या इतर रुग्णांपैकी कोणाला ती लागते, हे डॉक्टर ठरवतात. आमच्या मावशींची गाठ दोन सेंटिमीटरची असताना अशाच तपासणीत सापडली. त्यांना तेव्हा काहीही दुखत नव्हते. आज त्या समोर तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत.

हिपॅटायटीस बी चा विषाणू अमेरिकेतील शास्त्रज्ञ बारूख ब्लुमबर्ग यांनी शोधला. त्याबद्दल त्यांना १९७६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचा जन्मदिवस २८ जुलै हा जगभर हिपॅटायटीस दिन म्हणून पाळला जातो. ह्या विषाणूवर लस आहे. तैवानने १९८४ साली नवजात बाळांना ती द्यायला सुरुवात केली, आणि तिथल्या मुलांमधला यकृताचा कर्करोग कमी झाल्याचे पुढे १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. लसीने कर्करोग टळतो हे जगाला असे दिसले. आपल्या देशात ही लस काही भागांत २००२ पासून आणि सर्व राज्यांत २०११ पासून सरकारी लसीकरणात आली. पहिला डोस बाळ जन्मल्यापासून २४ तासांच्या आत द्यायचा असतो. बाळंतिणीच्या घरच्यांनी हे लक्षात ठेवावे आणि दवाखान्यात स्वतःहून विचारावे.

मोठ्या माणसांनी एकदा रक्त तपासून घ्यावे. बी निघाला तर ज्याला गरज आहे त्याला रोजच्या गोळीने तो दाबून ठेवता येतो. सी निघाला तर बहुतेकांचा तो काही आठवड्यांच्या गोळ्यांनी पूर्ण जातो. २०१८ साली केंद्र सरकारने ह्यासाठी राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. त्यातल्या सरकारी केंद्रांवर तपासणी व औषध मोफत मिळते.

आता एक गोष्ट जरा स्पष्टच बोलतो. रक्तात हिपॅटायटीस बी निघाला की कित्येक घरांत त्या माणसाचे ताट वेगळे होते. पेला वेगळा, अंथरूण वेगळे, नातवाला जवळ येऊ द्यायचे नाही. बंधू-भगिनींनो, हा विषाणू रक्तातून, आईकडून बाळाला जन्माच्या वेळी, शरीरसंबंधातून, दूषित सुईतून, दुसऱ्याच्या वस्तऱ्यातून जातो. एका ताटात जेवल्याने, एका माठातले पाणी प्यायल्याने, मिठी मारल्याने तो जात नाही. आणि कर्करोग तर कोणाकडून कोणाला लागतच नाही. वेगळा पेला म्हणजे काय, हे आपल्या आज्या-पणज्यांनी सोसले आहे. पाण्यासाठी आपली माणसे १९२७ साली महाडला चालत गेली. तोच वेगळा पेला आपल्याच चुलीपाशी, आपल्याच आजारी माणसासमोर ठेवायचा काय? दाढीचे पाते आणि दातांचा ब्रश वेगळा ठेवा, घरातल्या बाकीच्यांचे रक्त तपासून त्यांना लस द्या. तेवढे पुरे आहे. ताट एकत्रच असू द्या.

उपचाराविषयी थोडक्यात सांगतो, कारण नाव ऐकताच लोक "आता काय उरलं?" म्हणून हातपाय गाळतात. ह्या आजारात डॉक्टरांना दोन गोष्टी पाहाव्या लागतात : गाठ केवढी आहे आणि उरलेले यकृत किती काम देते आहे. म्हणून दोघांची गाठ सारखी असली तरी उपचार वेगळे असू शकतात. शेजारच्याला जे दिले ते मला का नाही, असे म्हणून रुसून चालत नाही. यकृत चांगले असेल तर गाठ कापून काढतात, आणि उरलेले यकृत पुन्हा वाढते. निसर्गाने हा गुण ह्या अवयवाला दिला आहे. लहान गाठ सुई घालून उष्णतेने जाळता येते. शिंपीदादांचे तसेच झाले. मावशींच्या गाठीवरही आधी तोच उपचार झाला. पुढे दुसरीकडे नव्या गाठी दिसल्या, तेव्हा जांघेतल्या रक्तवाहिनीतून बारीक नळी नेऊन औषध थेट गाठीत सोडले आणि गाठीचा रक्तपुरवठा बंद केला. असे तीनदा झाले. प्रत्येक वेळी चार दिवस ताप आणि दुखणे सोसावे लागले.

यकृत बदलण्याची शस्त्रक्रियाही आहे. १९९६ साली इटलीतल्या मिलान शहरातील डॉक्टर माझाफेरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, एकच गाठ ५ सेंटिमीटरपर्यंत किंवा जास्तीत जास्त तीन गाठी प्रत्येकी ३ सेंटिमीटरपर्यंत असतील, तर प्रत्यारोपणानंतर चार वर्षांनी त्यांचे ७५ टक्के रुग्ण जिवंत होते. ही मोजमापे आजही मार्गदर्शक मानली जातात. ह्यावरून लवकर सापडण्याला किती किंमत आहे ते कळते. आपल्या देशात अवयवदानाचा कायदा १९९४ चा आहे. जवळच्या नातेवाइकाला आपल्या यकृताचा भाग देता येतो, आणि मरणोत्तर दानही करता येते. खर्च मात्र लाखांत जातो, हे लपवण्यात अर्थ नाही.

शस्त्रक्रिया शक्य नसेल तर औषधे आहेत. सोराफेनिब नावाची गोळी २००७ साली यकृताच्या कर्करोगासाठी मान्य झाली. बायर कंपनीची ही गोळी आपल्याकडे महिन्याला सुमारे २ लाख ८० हजार रुपयांना पडत होती. ९ मार्च २०१२ रोजी पेटंट नियंत्रकांनी, औषध लोकांना परवडत नाही म्हणून, नॅटको ह्या हैदराबादच्या कंपनीला तेच औषध महिन्याला ८,८८० रुपयांत विकण्याचा सक्तीचा परवाना दिला. भारतातला असा तो पहिलाच परवाना. बायर कंपनी उच्च न्यायालयात आणि सर्वोच्च न्यायालयात गेली, पण २०१४ साली परवाना कायम राहिला. कायद्यातले एक कलम गरिबाच्या औषधाच्या डबीपर्यंत कसे पोहोचते, ते आपल्या मुलांना ह्यातून जरूर सांगावे. अलीकडच्या वर्षांत प्रतिकारशक्तीला जागे करणारी इंजेक्शने आली आहेत. ती काहींना अधिक लागू पडतात, पण महाग आहेत.

पैशासाठी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, पहिल्याच दिवशी रेशनकार्ड व आधार घेऊन त्याला भेटावे. परळचे टाटा रुग्णालय १९४१ पासून गोरगरिबांवर उपचार करीत आले आहे. गावाहून येणाऱ्यांसाठी दादरला गाडगेबाबांच्या नावाची धर्मशाळा आहे.

आता सोबतीविषयी. कर्करोगातून उठलेल्या माणसाने नव्या रुग्णाला धीर द्यायचा, ही कल्पना नवी नाही. मुंबईत १९९४ साली स्वतः कॅन्सरमधून बऱ्या झालेल्या वंदना गुप्ता यांनी व्ही केअर ही संस्था ह्याच कामासाठी काढली. आमचे बसणे त्या मानाने फारच छोटे आहे. पण त्यातून काय मिळते ते सांगतो.

सोराफेनिबने तळपायाची साल निघते, चालवत नाही. डॉक्टरांनी सांगितलेले असतेच, पण "मऊ चप्पल घाल, गरम पाण्यात पाय बुडवू नकोस, आणि गोळी मनाने बंद न करता डॉक्टरांना पाय दाखव," हे ज्याचे पाय सोलले त्याने सांगितले की पटते. पोटात पाणी भरणाऱ्याला मीठ कमी करायचे असते. म्हणजे पापड, लोणचे, सुकट, सुके बोंबील बंद. हे कोणाला सोपे आहे? पण दोघांनी मिळून सोडले की थोडे सोपे जाते. पथ्याच्या नावाखाली उपाशी राहू नये, थोडे थोडे खावे, रात्री झोपण्याआधीही काहीतरी खावे, हेही एकमेकांकडून कळते. कोणी काढा, मुळी किंवा दुखण्याची गोळी आणून दिली तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, हा आमच्यात नियमच आहे, कारण आजारी यकृताला ह्यातले बरेच काही सोसत नाही. आणि वहीत तारीख असल्यामुळे, कोणी तपासणीला गेला नाही तर दुसऱ्या दिवशी दारावर दोघे जण हजर असतात.

सोबतीने आयुष्य वाढते काय? १९८९ साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात, स्तनाचा कर्करोग पसरलेल्या ज्या बाया एकत्र बसत त्या जास्त जगल्याचे दिसले होते. पुढे २००१ साली कॅनडात मोठा अभ्यास झाला, त्यात आयुष्य वाढल्याचे दिसले नाही. पण मनाचा त्रास कमी झाला आणि दुखणेही कमी जाणवले. म्हणून आम्ही कोणाला खोटी आशा देत नाही. गाठीवर औषध डॉक्टरांचेच चालते. माणसाचे एकटेपण मात्र आपण कमी करू शकतो.

आमच्यातले काही गेले. गिरणीत आयुष्य काढलेले एक काका सोराफेनिबवर होते. त्या औषधाच्या मोठ्या चाचणीत, औषध न घेणाऱ्यांपेक्षा घेणारे मध्यमानाने सुमारे तीन महिने जास्त जगले होते. काकांना हे ठाऊक होते. ते म्हणायचे, "घरी सगळे कुजबुजतात. इथे मला रोगाचं नाव मोठ्यानं घेता येतं." शेवटच्या महिन्यात त्यांना जिना उतरवेना, तेव्हा आम्ही रविवारी त्यांच्या खोलीवर बसलो. दुखणे कमी करण्याचे औषध वेळेवर मिळावे म्हणून दोन पोरांनी पाळ्या लावल्या होत्या. काका सगळ्यांबरोबर पिठले-भाकरीचे दोन घास खाऊन गेले. ते वाचले नाहीत, पण ते एकटे गेले नाहीत. ह्या आजारात हेही मोठे काम आहे, असे आम्ही मानतो.

शेवटी चार विनंत्या करतो. घरातल्या प्रत्येकाचे रक्त हिपॅटायटीस बी व सी साठी एकदा तपासा. जन्मलेल्या बाळाला २४ तासांत लस द्या. ज्याला सिऱ्होसिस आहे त्याची सोनोग्राफी दर ६ महिन्यांनी चुकवू नका. आणि आजारी माणसाचे ताट वेगळे काढू नका, त्याच्याशेजारी बसा.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही मागच्या खोलीत असूच. कोणाच्या घरात असा आजार असेल तर रिपोर्टची पिशवी घेऊन यावे. पिशवी नसली तरी यावे, चहा तयार असेल.