दगडाचं घर म्हणजे मरण?

‘सस्टेनेबल’ म्हटलं की आपल्याकडे एकतर ‘जुनं ते सगळं सोनं’, नाहीतर छतावर सोलर. किल्लारीचं बघा. 30 सप्टेंबर 1993च्या पहाटे लातूर-उस्मानाबादेत हजारो माणसं दगडमातीखाली गेली. तेव्हापासून स्लॅब म्हणजेच पक्कं घर, हे डोक्यात बसलंय. पण एकटा दगड दोषी नव्हता हो! जाड भिंतीचे आतले-बाहेरचे थर एकमेकांना बांधलेलेच नव्हते. हादरले, फुगले, सुटले. त्यात माळवदावर मातीचं ओझं. काही घरांत भिंती कोसळल्या, पण लाकडी खांब-तुळया उभ्याच राहिल्या. म्हणजे प्रत्येक जुनं घर पाडावंच लागतं असं नाही. भिंतीत आरपार दगड घाला, वरून सगळीकडे पट्टा फिरवा, माळवदाची माती कमी करा. हे आधी इंजिनिअरला विचारा. स्लॅबखालचा मे महिना तर तुम्हाला माहितीच आहे.