पाणी सगळ्यांच्या घरात सारखं शिरत नाही

(वसई-विरार परिसरातील महिला मंडळांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



पत्रकात माझ्या विषयाचं नाव 'आपत्ती व्यवस्थापन' असं छापलंय. ते वाचून तुमच्यातल्याच एकीने सकाळी चहाच्या वेळी मला विचारलं, "ताई, यात आपलं काय? हे तर तहसीलदाराचं काम." तिच्या प्रश्नापासूनच सुरुवात करते.

2018 चा जुलै आठवा. नालासोपाऱ्याला रूळ पाण्याखाली गेले, गाड्यांत अडकलेल्या प्रवाशांना एनडीआरएफच्या जवानांनी बाहेर काढलं, वसईच्या मिठागरात तीनशेच्या वर माणसं वेढली गेली, वीज बंद. पेपरात रुळांचे फोटो आले. पाणी ओसरल्यावर मी नालासोपारा पूर्वेच्या एका चाळीत गेले. तळाच्या खोलीतल्या बाईने आधी मला पिठाचा डबा उघडून दाखवला. मग पिशवीतले लगदा झालेले कागद. रेशनकार्ड, पोराचा शाळेचा दाखला, भाड्याची चिठ्ठी. सिलिंडर तिने पलंगावर चढवला होता, सासूला माळ्यावर. स्वतः दोन रात्री उभी. शेजारच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणारी दुसरी बाई म्हणाली, "आमच्याकडे काहीच झालं नाही, फक्त पंप बंद होता." पाऊस तोच आणि गल्लीही तीच.

अभ्यासक यात तीन गोष्टी वेगळ्या काढतात. पहिली म्हणजे धोका. अतिवृष्टी, भरती, वादळ, भूकंप. दुसरी, त्या धोक्याच्या वाटेत कोण राहतं. आणि तिसरी, वाटेत असलेल्यांपैकी कोणाला तो झेपत नाही, आणि का. सरकारी भाषणं पहिल्या गोष्टीवर सुरू होतात आणि तिथेच संपतात. "निसर्गापुढे कोणाचं काय चालणार!" आपण दुसरी आणि तिसरी विचारायची.

वसईला पाऊस नवा नाही. पूर्वेला तुंगारेश्वरचा डोंगर, पश्चिमेला समुद्र, दोन बाजूंना खाड्या. डोंगराचं पाणी भातशेतं, खाजणं आणि मिठागरांतून पसरत खाडीला मिळायचं. मध्ये रेल्वेचा भराव आडवा आहेच. त्यात भरती असेल तर खाडी पाणी घेतच नाही. मग ते जिथे थांबायचं, नेमक्या त्या सखल जमिनी भराव टाकून विकल्या गेल्या. 1990 मध्ये सिडकोकडे इथलं नियोजन गेलं, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसईचे कार्यकर्ते रस्त्यावर आले. त्यांना विकासविरोधी म्हटलं गेलं. 2011 च्या जनगणनेत महापालिकेच्या हद्दीत बारा लाखांवर माणसं मोजली गेली. यातली बरीचशी मुंबईत परवडत नाही म्हणून आलेली. स्वस्त जागा सखल असते किंवा डोंगराच्या पायथ्याला. 2022 च्या जुलैत वाघरळपाड्याला दरड कोसळून बाप आणि मुलगी गेली. हौस म्हणून कोणी दरडीखाली घर बांधत नाही.

आता तिसरी गोष्ट. इथे बाईचा प्रश्न उघड होतो. 1991 च्या एप्रिलमध्ये बांगलादेशात चक्रीवादळ आलं, सुमारे एक लाख चाळीस हजार माणसं गेली. नंतरच्या पाहणीत वीस ते चव्वेचाळीस वयाच्या बायकांत मृत्यूचं प्रमाण हजारी 71 निघालं, पुरुषांत 15. वारा तर दोघांना सारखाच होता. पण सूचना बाजारात, चौकात पोचल्या. बायका घरात, लेकरं आणि म्हातारी माणसं सांभाळत, नवऱ्याची वाट बघत. विचारल्याशिवाय घर कसं सोडायचं?

आपल्याकडे पूर ओसरला की पंचनामा होतो. 2019 च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीला महापूर आला तेव्हा घर दोन दिवसांहून अधिक पाण्यात असेल तर मदत, अशी अट होती. त्यावर गदारोळ झाला, तो व्हायलाच हवा होता. पीठ भिजायला दोन दिवस लागत नाहीत! शिवाय पंचनामा घरमालकाच्या नावाने. भाडेकरू बाई, नवऱ्याने टाकलेली बाई, कागद वाहून गेलेली बाई यादीत कुठे बसते?

एक गोष्ट बोलायला मला जड जातं आहे. 2025 च्या फेब्रुवारीपर्यंत नालासोपाऱ्याच्या अग्रवाल नगरीतल्या 41 बेकायदा इमारती उच्च न्यायालयाच्या आदेशाने पाडल्या. सांडपाणी प्रकल्प आणि कचराभूमीसाठी राखीव जमीन. अडीच हजारांच्या आसपास कुटुंबं. तेव्हा मी घोषणा दिल्या, "आधी पुनर्वसन, मग हातोडा." आजही देईन. मग 26 ऑगस्टच्या रात्री विरारला रमाबाई अपार्टमेंटचा एक भाग कोसळला. सतरा माणसं गेली. एका घरात लेकीचा पहिला वाढदिवस होता. भूकंप नव्हता, वादळ नव्हतं. इमारत अनधिकृत, बांधून जेमतेम बारा-तेरा वर्षं झालेली. त्या रात्रीनंतर मी स्वतःला विचारते आहे, इतकी वर्षं आपण 'घर वाचवा' म्हणत आलो, पण त्या घराचे खांब कधी पाहिले का? पोलिसांना, बिल्डरला आणि पालिकेला प्रश्न विचारले. राहणाऱ्या बाईला मात्र "भिंतीला तडा आहे का गं?" हे विचारलं नाही. आपल्यालाच भीती होती, तडा दिसला तर हातोडा येईल.

आणि अशा घरात पैसा कोणाचा असतो? बँक कर्ज देत नाही, म्हणून बाईच्या बांगड्या मोडल्या जातात. करारावर नाव त्याचं.

किल्लारीचा भूकंप 30 सप्टेंबर 1993 चा. मातीत रचलेल्या दगडी भिंती झोपलेल्या माणसांवर पडल्या. त्यानंतरच्या दुरुस्तीच्या कामात स्वयं शिक्षण प्रयोगच्या पुढाकाराने गावोगावच्या बायका संवाद सहायक झाल्या. भिंत मजबूत कशी करायची, कोपरे कसे बांधायचे, हे शिकल्या आणि दुसऱ्यांना सांगितलं. ज्यांना सरकार लाभार्थी म्हणत होतं त्या कामावर देखरेख करू लागल्या. हे आपल्याला अशक्य नाही.

म्हणून आज जेवणानंतर गटाने बसायचं. फळ्याजवळ कोरे कागद आणि खडू ठेवलेत. आपापल्या गल्लीचा नकाशा काढा. 2018 ला पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं ते निळ्या खडूने. तळमजल्यावर कोण झोपतं, कोणाला जिना चढवत नाही, कोण गरोदर आहे, कोण एकटी आहे ते लाल खडूने. तडे असतील तर काळ्याने, घाबरू नका, ते कागद आधी आपल्याकडेच राहतील. कोणाला केव्हा दाखवायचे ते तुम्ही मिळून ठरवा. आणि प्रत्येक घरापुढे लिहा, करारावर नाव कोणाचं. नालासोपाऱ्याचा गट खिडकीपाशी बसेल, मिठागराकडच्या बाया इकडे माझ्याजवळ या.