कुस्तीची कंपनी आणि तिचे भक्त

निकाल आधींच ठरवून केलेल्या लढतीस आपल्याकडे नुरा कुस्ती म्हणतात, आणि तें नांव घेतांना जाणकार नाक मुरडतो. अमेरिकेंत मात्र अशाच लढतींचा फार मोठा धंदा चालतो. वर्ल्ड रेसलिंग फेडरेशन या कंपनीनें १९८९ सालीं न्यू जर्सी संस्थानाच्या कायदेमंडळापुढें आपण होऊन सांगितलें कीं, आमचा खेळ ही स्पर्धा नसून करमणूक आहे. तसें म्हटल्यानें सरकारी देखरेखींतून सुटका होत होती, हेंहि खरेंच! परंतु हारजीत लटकी असली तरी मल्लाचें उडणें, आपटणें व मणके झिजणें लटकें नसतें. त्या कसबावर कोणाचा जीव जडला तर त्यांत हंसण्यासारखें कांहीं नाहीं.

हा जीव कोठें जडावा, एवढाच प्रश्न आहे. १९९५ च्या ऑगस्टमध्यें फिलाडेल्फिया येथें एका लहानशा कंपनीच्या आखाड्यांत एडी गरेरो व डीन मालेंको यांची शेवटची लढत झाली. दोघेहि मोठ्या कंपनीकडे निघाले होते. प्रेक्षकांनीं 'जाऊं नका' असा एकच घोष केला. ही निष्ठा निरोगी, कारण ती माणसांवर होती.

पुढें फेडरेशन आणि वर्ल्ड चॅम्पियनशिप रेसलिंग या दोन कंपन्या दर सोमवारीं रात्रीं दूरचित्रवाणीवर एकाच वेळीं समोरासमोर उभ्या राहिल्या. भक्त लढतींऐवजीं प्रेक्षकसंख्येचे आंकडे घोकूं लागले. ४ जानेवारी १९९९ रोजीं दुसऱ्या कंपनीच्या निवेदकानें वरिष्ठांच्या हुकुमावरून आधींच फोडून सांगितलें कीं, तिकडे आज मिक फोली विजेतेपद मिळवणार, आणि वर त्याची टर उडवली. झालें उलटेंच. फोलीचें यश पाहण्यास असंख्य प्रेक्षक तत्काळ तिकडे वळले. त्या रात्रीं प्रेक्षक कंपनीहून शहाणे ठरले.

त्याच वर्षीं २३ मे रोजीं कॅन्सस सिटी येथें ओवेन हार्ट हा मल्ल छताकडून दोरानें उतरवला जात असतां कडी सुटून खालीं पडला व मरण पावला. फेडरेशननें खेळ चालूच ठेवला. सभागृहांतील लोकांस मृत्यूची वार्ता दिली नाहीं. 'कंपनीनें केलें तें योग्यच' म्हणणारा आणि 'ती कडी कोणी तपासली होती?' असें विचारणारा, दोघेहि तिकीट काढूनच आलेले. पण मल्लाच्या कामीं येतो तो दुसरा.

मार्च २००१ मध्यें फेडरेशननें प्रतिस्पर्धी कंपनी विकत घेतली. फेडरेशनच्या कट्टर भक्तांस तो आपलाच विजय वाटला. वस्तुतः तेथील मल्ल नोकर गणला जात नाहीं. तो करारावरचा स्वतंत्र कसबी, आणि आखाड्याबाहेरील आजारपणाचा विमा त्याचा त्यानेंच पाहावयाचा. मेहनतान्याचा भाव करावयास त्या तोडीचें दुसरें दार होतें तेंच बंद झालें. मालकाच्या तिजोरीसाठीं टाळ्या पिटणाऱ्यास हें दिसूं नये, हें नवलच.

२०१९ मध्यें ऑल एलीट रेसलिंग निघाली आणि आंकड्यांचीं भांडणें नव्यानें जुंपलीं. ती उभारण्यास हात लावणारा कोडी ऱ्होड्स २०२२ च्या एप्रिलमध्यें जुन्या कंपनींत परतला. कट्टरांच्या हिशेबानें तो दोन्हीकडचा फितूर. टेक्सास संस्थानांतील त्या रात्रीं मात्र त्याचें गीत वाजूं लागतांच प्रेक्षकांनीं आनंदानें एकच गजर केला.