धुरक्याचा खर्च कोणाच्या माथी?

(पेठ वडगाव येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



धूर आणि धुके यांच्या जोडातून मराठीने 'धुरके' हा शब्द घडविला. इंग्रजीतील 'स्मॉग' हा शब्दही 'स्मोक' आणि 'फॉग' यांच्या अशाच संयोगातून झाला असून लंडनचे डॉ. देव्हो यांनी १९०५ साली एका निबंधातून तो प्रचारात आणला. या शब्दाचा अर्धा भाग निसर्गाचा आणि अर्धा माणसाचा आहे. धुके पडते, धूर मात्र कोणीतरी सोडतो. तरीही धुरके दाटले की दोष थंडीला आणि पडलेल्या वाऱ्याला दिला जातो आणि धूर सोडणारा नामानिराळा राहतो.

हवामानाचा वाटा कोणी नाकारीत नाही. हिवाळ्याच्या रात्री जमीन लवकर निवते, तिच्यालगतची हवा गार होते आणि वर उबदार हवेचा थर झाकणासारखा बसतो. एरवी पांगणारा धूर त्याखाली कोंडतो. कोळशातील गंधकाचा वायू दमट हवेत मिसळून आम्ल बनते. हे लंडनचे धुरके. दुसरा प्रकार लॉस एंजेलिसचा. तेथे १९४३ मध्ये भर उन्हाळ्यात लोकांचे डोळे झोंबू लागले. वाहनांच्या व तेलाच्या वाफांवर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन ओझोनसारखे दाहक वायू तयार होतात, हे पुढे हागेन-स्मिट या शास्त्रज्ञाने दाखविले. म्हणजे धुरक्याला धुक्याचीही गरज नाही; धूर पुरेसा आहे.

५ ते ९ डिसेंबर १९५२ या पाच दिवसांत लंडनवर जे धुरके बसले, त्यात सुमारे ४,००० माणसे दगावल्याचा तत्कालीन अंदाज होता. नंतरच्या अभ्यासांनी हा आकडा १२,००० पर्यंत नेला. युद्धानंतरच्या त्या काळात परकीय चलनासाठी चांगला कोळसा निर्यात होई आणि गरिबांच्या शेगडीत निकृष्ट कोळसा जळे. देशाच्या व्यापारी ताळेबंदात जी जमा दिसली, तिची नावेबाजू वृद्धांच्या आणि बालकांच्या फुप्फुसांत लिहिली गेली. अखेर १९५६ साली स्वच्छ हवेचा कायदा झाला. त्याचे वैशिष्ट्य असे की, त्याने केवळ बंदी घातली नाही. घरातील शेगड्या बदलण्याच्या खर्चाचा मोठा भाग सार्वजनिक तिजोरीतून दिला.

अर्थशास्त्राला हा प्रश्न नवा नाही. कारखान्याच्या धुराने समाजावर पडणारा बोजा मालकाच्या हिशेबात येत नाही, हे पिगू यांनी १९२० मध्ये मांडले. कॅप यांनी १९५० मध्ये पुढचे पाऊल टाकले : खर्च दुसऱ्यावर ढकलणे हा खाजगी उद्योगाचा अपघात नसून त्याच्या नफ्याच्या रीतीचाच भाग होय. धोब्याचे काळवंडलेले कपडे, कामगाराचा बुडालेला रोज, दवाखान्याचे बिल हे सारे उत्पादनखर्चच आहेत. फक्त ते भरणारा वेगळा आहे.

महाराष्ट्राचा अनुभव वेगळा नाही. गिरण्यांच्या मुंबईत धुराविरुद्धचा कायदा १९१२ सालीच झाला होता. तरीही १९७० च्या दशकाच्या अखेरीस केईएम रुग्णालयाचे डॉ. कामत आणि त्यांचे सहकारी यांनी लालबाग, चेंबूर व खार येथील रहिवाशांची तपासणी केली, तेव्हा प्रदूषित वस्त्यांत श्वसनाच्या तक्रारी अधिक आढळल्या. त्या वस्त्या कोणाच्या होत्या, हे सांगावयास नको. १९८१ मध्ये देशव्यापी कायदा आला. पण कायदा पुस्तकात असणे आणि धुराड्यापर्यंत पोहोचणे यांत अंतर असते.

वडगावकरांनी हा मुंबई-दिल्लीचा प्रश्न समजू नये. २०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात, हवेची मानके न पाळू शकलेल्या शहरांच्या यादीत कोल्हापूर आणि सांगली ही दोन्ही नावे आहेत. उसाचा गळीत हंगाम नेमका हिवाळ्यात येतो. कारखान्यांची धुराडी, गुऱ्हाळांची चुलवाणे, फडात पेटविलेले पाचट, शिरोलीच्या फौंड्र्या आणि महामार्गावरील वाहतूक यांचा धूर त्याच झाकणाखाली जमतो. कार्यक्रम शहरांसाठी आखला आहे. पण हवेला नगरपालिकेची हद्द ठाऊक नसते.

येथे कार्यकर्त्यांनी दोन सोप्या भूमिका टाळाव्यात. धुराडे म्हणजे रोजगार, तेव्हा गप्प बसावे, ही पहिली. ती मालकाचा खर्च कामगाराच्या छातीवर लादते. पाचट पेटविणाऱ्या शेतकऱ्याला वा चुलीपुढच्या बाईला दंड करावा, ही दुसरी. ती दुबळ्याला पकडते आणि धुराडे मोकळे सोडते. पाचट न जाळता खोडव्याच्या सरीत कुजविले तर जमिनीला खत मिळते, ओल टिकते. याच जिल्ह्यातील अनेक शेतकरी ते करीत आहेत. मात्र पाचट बारीक करण्याच्या यंत्राचे भाडे अल्पभूधारकाने एकट्याने का सोसावे? ज्या कारखान्याला ऊस जातो त्याने आणि शासनाने तो भार उचलावा.

म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात. तालुक्याच्या गावांतही हवेची मोजणी व्हावी आणि आकडे ग्रामसभेपुढे यावेत. धूर गाळण्याच्या यंत्रणेचा खर्च मालकाने करावा. तिच्या नावाखाली एकाही कामगाराची कपात होऊ नये. फौंड्री कामगार आणि ऊसतोड मजूर यांची दरवर्षी मोफत तपासणी व्हावी.

पाण्याच्या वाटपासाठी या जिल्ह्याने मोठे लढे दिले. श्वास सर्वांनाच घ्यावा लागतो. त्याचे मोल मात्र आज काहींनीच चुकवावे, अशी व्यवस्था आहे. ती बदलणे हे समाजवादी चळवळीचे काम आहे.