रंगवलेला कठडा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आमच्या विष्णुपुरीत लहानपणी चातुर्मासात शेजारच्या वाड्यात पांडवप्रतापाची पोथी लागायची. मी ओट्यावर बसून ऐकायचो. मयसभेचा प्रसंग आला की सगळी पोरं पुढे सरकायची. दुर्योधन चकचकीत फरशीला पाणी समजतो आणि वस्त्र सावरतो. पुढे खरोखरच पाणी असतं, त्याला तो फरशी समजतो आणि धपकन पडतो.

तिथून घरी आलो की नानीजवळ झोपायचं. नानी हजरत सुलेमानांची गोष्ट सांगायची. बिल्किस राणी त्यांच्या महालात येते, समोरच्या काचेच्या फरशीला पाणी समजते आणि पायावरचा कपडा वर उचलते. माझ्या पोरबुद्धीला वाटायचं, हे दोन्ही महाल एकाच गवंड्यानं बांधले असणार!

पुढे वय वाढलं तसा दोन्ही गोष्टींतला फरक कळला. डोळे दोघांचेही फसले. दुर्योधनाला सभेतली मंडळी हसली, तो अपमान त्यानं मनात धरला आणि त्याचं पर्यवसान शेवटी कुरुक्षेत्रावर झालं. बिल्किसनं मात्र आपली चूक ओळखली आणि ती परमेश्वरापुढे नम्र झाली. डोळा फसला, तर त्यानंतर माणूस काय करतो, हे महत्त्वाचं. आज मी बोलणार आहे ते डोळ्यांना फसवणाऱ्या चित्रांविषयी.

या कलेची एक जुनी ग्रीक कथा प्लिनी नावाच्या रोमन लेखकानं पहिल्या शतकात लिहून ठेवली आहे. झ्यूक्सिस आणि पॅऱ्हेसियस या दोन चित्रकारांत पैज लागली. झ्यूक्सिसनं द्राक्षं अशी काढली की पाखरं चोच मारायला आली. तो ऐटीत दुसऱ्याला म्हणाला, आता तुझ्या चित्रावरचा पडदा बाजूला कर. आणि पडदा हेच तर चित्र होतं! झ्यूक्सिसनं हार कबूल केली. त्यानं पाखरांना फसवलं होतं, पॅऱ्हेसियसनं चित्रकाराला फसवलं.

आपल्या मराठवाड्यालाही ही करामत नवी नाही. वेरूळच्या दहाव्या लेण्यात जा. त्याला लोक ‘सुतार का झोपडा’ म्हणतात. आत बुद्धमूर्तीच्या वर छताला कमानदार फासळ्या आहेत, एखाद्या सुतारानं लाकडाच्या बसवाव्यात तशा. पण लाकडाची एक ढलपीसुद्धा तिथे नाही. सगळा दगड, तोही एकाच डोंगरातून कोरलेला. फार पूर्वी चैत्यगृहं लाकडाची असत. दगडात कोरायला लागल्यावरही कारागिरांच्या हातातून ते लाकूड सुटलं नाही. त्या फासळ्या काहीही पेलत नाहीत. डोंगर आपला आपण उभा आहे. तरी बघणाऱ्याला वाटतं, याच फासळ्यांनी छत धरलंय.

अजिंठ्याला दुसऱ्या लेण्यात वर पाहिलं की रंगवलेल्या छताचा जणू कापडी चांदवा डोक्यावर ताणलेला वाटतो. पहिल्या लेण्यात एका खांबाच्या माथ्यावर चार हरणं आहेत आणि चौघांत मिळून तोंड एकच. ज्या हरणाकडे बघाल, त्याचं ते तोंड वाटतं. शाळेच्या सहली तिथे हटकून थांबतात.

छत्रपती संभाजीनगरचा, म्हणजे जुन्या औरंगाबादचा, बीबी का मकबरा घ्या. १६५७ साली वारलेल्या दिलरस बानो बेगमच्या आठवणीत तो बांधला. आग्र्याचा ताज पाहून आलेले लोक इथे नाक मुरडतात. संगमरवर आहे तो भिंतीच्या खालच्या भागात आणि वर घुमटाला. मधल्या काळ्या दगडावर चुन्याचा गिलावा करून तो असा घोटला आहे की लांबून सगळीच इमारत संगमरवरी वाटते. माझ्या मते इथली गंमत लांबून नाही, जवळून बघण्यात आहे. संगमरवर संपून गिलावा सुरू होतो ती रेघ शोधावी. पैसा जिथे कमी पडला, तिथून पुढचं काम कारागिराच्या हातानं निभावलं. याला कुणी नक्कल म्हणतं, मी मेहनत म्हणतो.

आता रंगवलेल्या पडद्याकडे येतो. संगीत नाटकांच्या भरभराटीच्या काळात कंपनीच्या सामानात राजवाडा, रस्ता, अरण्य असे पडदे गुंडाळून गावोगाव जात. कोल्हापूरच्या आनंदराव आणि बाबूराव पेंटर या जोडीचं या कामात मोठं नाव होतं. कापड तर सपाट. त्यावर खांब उभा करायचा म्हणजे एका अंगाला उजेड आणि दुसऱ्या अंगाला सावली द्यायची. जवळचं ठळक, लांबचं फिकट आणि निळसर ठेवायचं. रस्त्याच्या दोन्ही कडा दूरवर एका ठिपक्याकडे ओढत न्यायच्या. एवढ्यावर वीतभर जागेत कोसभर रस्ता उभा राहतो. गंमत अशी की पुढे सिनेमात गेल्यावर याच बाबूरावांनी १९२० च्या ‘सैरंध्री’त रंगीत पडद्यांऐवजी भरीव देखावे उभे केले. पडद्याची ताकद आणि पडद्याची मर्यादा, दोन्ही त्यांच्याइतकी कुणाला ठाऊक असणार?

मर्यादा कोणती? तर हा देखावा एकाच जागेवरून खरा दिसतो. मधल्या रांगेतल्या प्रेक्षकाला राजवाडा, कडेला बसलेल्याला तिरपं कापड. रोममध्ये संत इग्नेशियसच्या चर्चमध्ये घुमट बांधलाच गेला नाही. आंद्रेआ पोझ्झो या चित्रकारानं १६८५ साली सपाट कापडावर घुमट रंगवून वर चढवला. तो कुठून बघायचा, ती जागा फरशीवर गोल चकती बसवून दाखवली आहे. चकतीवर उभं राहिलं की घुमट खोल आत जातो, पुढे चालत गेलं की तो वाकडा होतो. फसवणाऱ्यानंच फसवणुकीची जागा दाखवून दिली आहे. तिथे उभं राहायचं की नाही, हे तुमच्यावर.

श्रोतेहो, अशीच एक जागा माझ्याही आयुष्यात आहे.

मी सहा वर्षांचा असेन. अब्बा भिवंडीला मागावर कामाला होते. त्यांना पाठवण्यासाठी म्हणून अम्मा मला घेऊन एसटीनं नांदेडला एका स्टुडिओत गेली. आमच्या घरात तसबीर काढणं पसंत नव्हतं, त्यामुळे तिच्यासाठी ती सोपी गोष्ट नव्हती. स्टुडिओत मागे मोठा पडदा होता. त्यावर तळं, तळ्यात बदकं, पांढरा कठडा आणि वर जाणारा जिना. मी सरळ जिना चढायला गेलो आणि कपाळ भिंतीवर आपटलं. फोटोग्राफर हसला. त्यानं मला स्टुलावर बसवलं आणि अम्माला म्हणाला, “भाभी, हात कठड्यावर ठेवा.” अम्मा क्षणभर थबकली. मग तिनं हात पडद्यापाशी नेला आणि नसलेल्या कठड्यावर अलगद ठेवला.

फोटो भिवंडीला गेला. अब्बांचं पत्र आलं, कुठे फिरायला गेला होतात? अम्माला लिहिता येत नव्हतं. शेजारचे गुरुजी उत्तर लिहायला बसले. अम्मा म्हणाली, “लिहा, तळं रंगाचं आहे, माणसं खरी आहेत.” मी पुढे कविता लिहायला लागलो. इतकं नेमकं वाक्य मला अजून साधलेलं नाही.

अब्बांनी तो फोटो कामाच्या ठिकाणी ट्रंकेच्या झाकणाला आतून चिकटवला होता. कायमचे घरी आले तेव्हा तो सोबत आला, कोपरे झिजलेला. आज अब्बा नाहीत, अम्माही नाही. तिचा तो एवढाच फोटो.

काही वर्षांपूर्वी तो मोठा करून घ्यायला मी एका दुकानात दिला. मुलगा कामसू होता. मला म्हणाला, “चाचा, मागचा पडदा फार जुनाट दिसतो. काढून टाकू? स्वच्छ निळं करून देतो.” मी घाईत होतो, हो म्हणालो. दुसऱ्या दिवशी फोटो हातात आला. चेहऱ्यावरचे डाग गेले होते, रंग उजळला होता. पण अम्माचा हात हवेत लोंबकळत होता. काहीतरी मागायला पुढे केल्यासारखा. सगळा आयुष्यभराचा मान ज्या हातात होता, तो हात असा झाला! तो कठडा खोटा होता, हे मला सहाव्या वर्षीच कपाळ आपटून कळलं होतं. पण अम्मा त्याच्या आधारानं उभी होती, हे मला पंचेचाळिशी उलटल्यावर कळलं.

चूक त्या मुलाची नव्हती. हो मी म्हणालो होतो. मूळ फोटो घेऊन मी परत गेलो आणि जसा आहे तसा मोठा करायला सांगितलं, डागांसकट.

आता तो भिंतीवर आहे. मोठा केल्यामुळे एक गोष्ट नव्यानं दिसली. पडद्याची खालची कड फरशीवर सुरकुतून पडली आहे. तळं जिथे संपतं, तिथे कापडाची घडी. आजकाल संगणक क्षणात हवं ते चित्र रचून देतो. त्यात माणसं कोणती खरी आणि तळं कोणतं रंगाचं, हे सांगणारी अशी घडी सापडत नाही. सापडली नाही की मला त्या स्टुडिओतल्या अनोळखी पेंटरची आठवण येते. त्याला आम्हाला तळ्याकाठी न्यायचं होतं, पण घडी लपवावी असं काही त्याला वाटलं नव्हतं.

परवा माझ्या नातीनं स्टुलावर चढून त्या जिन्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, “नाना, वर काय आहे?”

मी म्हटलं, “मलाही माहीत नाही बेटा. मीपण एकदा चढून बघायला गेलो होतो.”